कशालाही हात लावू नका

लाल पडद्यावरची पहिली ओळ कोणीही लिहिली असती. दुसरी ओळ मात्र तिची होती. 'कशालाही हात लावू नका. आहात तिथेच थांबा. आम्ही आहोत.' अण्णांच्या कॉम्प्युटरचा अख्खा पडदा लालभडक झाला होता. मधोमध पांढरी चौकट, चौकटीच्या डोक्यावर पिवळा त्रिकोण, खाली एक फोन नंबर, आणि स्पीकरमधून दर काही सेकंदांनी एक चिरका टूं टूं आवाज. 'आपल्या संगणकात हेरगिरी करणारा प्रोग्रॅम शिरला आहे,' ही पहिली ओळ. तीही तिचीच म्हणायला हरकत नव्हती, पण त्या ओळीत तिचं असं काही नव्हतं. मागे दादा, तिचा मोठा भाऊ, बोलत होता. दोनच्या सुमाराला किल्लीवाल्याला घेऊन त्यानं वडिलांच्या घराचं कुलूप फोडलं होतं, आणि मग तिच्या ऑफिसात फोन केला होता, 'ये. अण्णा ठीक आहेत, पण ये.' ती पर्स खांद्यावरून न काढताच पडद्यासमोर उभी होती.

दादा बोलायला लागला की समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरत नाही, आणि आज तर तो घाबरलेला होता, म्हणजे आणखीच भरभर. सकाळी साडेनऊला त्यानं नेहमीसारखा फोन केला तर एंगेज. दहाला एंगेज, अकराला एंगेज. "अण्णा आणि दीड तास फोनवर? मला तर म्हणतात, कामाचं बोल नि ठेव." एक वाजता फोन बंदच लागला. मग तो काम टाकून आला, बेल वाजवली, दार बडवलं, तर आतून अण्णांचा आवाज, अगदी शांत, 'थांब. आत्ता दार उघडता येणार नाही.' का, ते नाही. पडलात का, तर नाही. आत कोणी आहे का, तर, 'अजून नाही, येतोय.' हे सांगताना दादानं तिचा दंड धरला. शेजारी जमले, किल्लीवाला आला, कुलूप गेलं, आणि आत अण्णा या खुर्चीवर ताठ बसलेले, दोन्ही हात मांडीवर, समोर हा लाल पडदा, टेबलावर बॅटरी संपून पडलेला फोन, सकाळचा चहा साय धरून तसाच. "आणि खुर्ची ओली," दादा आवाज खाली आणून म्हणाला, पण खोली एवढीशी होती की आवाज खाली आणून काही उपयोग नव्हता. कॉटच्या कडेवर अण्णा धुतलेली पॅन्ट घालून बसले होते आणि आपल्या बोटांकडे बघत होते. ऐंशीला दोन कमी. आई गेल्यापासून नऊ वर्षं ते या दोन खोल्यांत एकटे होते, स्वतःचं स्वतः करून, वर बिल्डिंगमधल्या लोकांची बटणं आणि पंखे दुरुस्त करून. वर्षभर दादा त्यांना 'आमच्याकडे चला' म्हणत होता आणि वर्षभर अण्णा त्याला हसून वाटेला लावत होते. "आता मला दुसरं काही ऐकायचं नाही," दादा म्हणाला. "एका खोट्या जाहिरातीनं माणसाला सहा तास खुर्चीवर बसवून ठेवलं. उद्या गॅस चालू राहील. आजच घेऊन जातो मी त्यांना." अण्णांनी वर बघितलं आणि परत बोटांकडे.

तिला काहीतरी बोलायला हवं होतं, निदान 'जरा दमानं घे रे' एवढं तरी, पण डोळे त्या ओळीवरून निघेनात. भाषांतराच्या धंद्यात अशा ओळी एका लांबलचक तक्त्यात येतात. डावीकडे परकं वाक्य, उजवीकडे रिकामी चौकट, आणि हे कुठे लागणार, कोण वाचणार याचा पत्ता नाही. आज कपडे धुण्याचं मशीन, उद्या विम्याचा अर्ज, परवा कोण्या कंपनीची दिलगिरी. दिलगिरी तिनं इतक्या जणांच्या वतीनं व्यक्त केली होती की स्वतःसाठी तो शब्द वापरायची तिला लाज वाटायची. चार महिन्यांपूर्वी असाच एक तक्ता आला होता, नाव 'सुरक्षा सूचना', त्रेचाळीस ओळी, संध्याकाळपर्यंत हव्यात. पहिल्या काही तिनं झोपेतसुद्धा केल्या असत्या. मग ही आली. मूळ वाक्य अगदीच कोरडं, यंत्र बंद करू नये, पुन्हा सुरू करू नये, मदतीची प्रतीक्षा करावी. तिनं ते तसंच उतरवलं, वाचलं, आणि तिला ते आवडलं नाही. माणूस आधीच हातपाय गाळून बसलेला, आणि त्याला 'प्रतीक्षा करावी' म्हणून सांगायचं? त्याच्याशी माणसासारखं बोलायला नको? ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, हेही तिला आता लख्ख आठवलं. परत येऊन तिनं ते तीन वाक्यांत, एका दमात लिहिलं होतं. नंतर एक दिवस कामं वाटणाऱ्या बाई, ज्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक म्हणून निघत नाही, तिच्या टेबलापाशी थांबल्या. "त्या सूचनांच्या फाइलवर क्लायंट खूश आहे हं. म्हणतात, सगळ्या भाषांमध्ये तुमच्या भाषेतले लोक जास्तीत जास्त वेळ थांबतात." कुठे थांबतात, असं तिनं विचारलं नाही. तिला आनंद झाला होता. त्या संध्याकाळी ती घरी चालत गेली होती.

एका दमात लिहिता आलं, कारण तिनं ते रचलंच नव्हतं, तिला ते पाठ होतं. अण्णा लिफ्टचे मेकॅनिक, चौतीस वर्षं. ती आठ वर्षांची असताना शाळेला सुट्टी होती आणि आईला बरं नव्हतं, म्हणून अण्णा तिला कामावर घेऊन गेले होते. अकरा मजले ऑफिसांचे, आणि सगळ्यांत वर मशीनची खोली, जिथे सगळ्या वस्तूंना काळ्या ग्रीसचा वास होता. 'स्टुलावरून उठायचं नाही' असं सांगितल्यावर जे कोणतंही पोर करेल तेच तिनं केलं. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं एक झटका दिला आणि दिवा गेला. तिनं सगळी बटणं दाबली, मग दारावर हात आपटले, मग ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. काळोखात भिंती आणखी जवळ आल्या आहेत असं वाटून तिनं दोन्ही कोपर बाहेर काढून धरले होते. आणि मग वरून, लोखंडी दोरांच्या बाजूनं, अण्णांचा आवाज खाली आला. ओरडून नाही, जेवायला हाक मारावी तितपतच. "ठमे, कशालाही हात लावू नकोस. आहेस तिथेच थांब. मी आहे." घरात तिला ठमीच म्हणत. थोड्या वेळानं पुन्हा तेच, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. पाऊण तास. तिला बाहेर काढलं तेव्हा फ्रॉक ओला होता, आणि घरी अण्णांनी आईला सांगितलं की पोरगी नळाखाली भिजली. पुढे मोठी झाल्यावर तिला कळलं की ही वाक्यं खास तिच्यासाठी नव्हती. पान्यासारखी ती अण्णांच्या पिशवीतच असायची, अडकलेल्या प्रत्येकासाठी. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकानंच ती ऐकली नव्हती, आणि हातानं दार ओढून फटीतून खाली उतरायला गेला होता. पुढचं अण्णा कधीच सांगत नसत. विषय निघाला की त्यांचा घास हातात थांबायचा आणि आई भाजीबद्दल काहीतरी बोलायची.

तेव्हा दादा म्हणत होता ते सगळं उलटं होतं, आणि हे या खोलीत फक्त तिला दिसत होतं. अण्णांचं डोकं गेलं नव्हतं. चौतीस वर्षं ज्या माणसानं पाहिलं की हात लावणारा जातो आणि थांबणारा वाचतो, त्या माणसाला त्याच्याच शब्दांत कोणी थांब म्हटलं, तर तो थांबणारच. सहा काय, दहा तास. तहान, लघवी, दारावरची थाप, सगळं बाजूला ठेवून थांबणार, कारण दुसऱ्यांना त्यानं तेच करायला लावलं होतं. एका वाक्याचं काम होतं. 'दादा, ते शब्द अण्णांचेच आहेत, मी घातलेत तिथे.' एवढं ऐकलं की दादा, जो रागीट आहे पण अन्यायी नाही, नवं कुलूप बसवून, किल्ली अण्णांच्या हातात ठेवून निघून गेला असता. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. वाक्य तयार करणं हाच तर तिचा धंदा. पण ते बाहेर पडेना, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरं एक येणार होतं. तक्त्यातली एकोणतिसावी ओळ. त्या ओळीपाशी ती त्या दिवशी थबकली होती. 'ही बाब कुटुंबीयांना कळवू नये.' सुरक्षेची कुठली सूचना माणसाला घरच्यांपासून लपवायला सांगते? ती बाईंकडे गेली होती. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "जुना क्लायंट आहे. करून टाका." आणि तिनं करून टाकलं. नुसतं टाकलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिनं तीही ओळ सुधारली. 'घरच्यांना इतक्यात सांगू नका, उगीच काळजी करत बसतील.' किती आपुलकी. म्हणजे तिला कळलं होतं. पूर्ण नाही, पण बंद डब्यातलं काही नासलंय हे झाकण न उघडता कळतं तेवढं नक्की कळलं होतं, आणि तिनं झाकण उघडलं नव्हतं. हे दादाला कुठून सांगायचं? चारचौघांत 'आमची ठमी शब्दांची माणूस' म्हणून मिरवणाऱ्या दादाला? आणि किती तरी खोल्यांमध्ये, किती तरी खुर्च्यांवर, या क्षणीही कोणी कोणी बसलेलं असेल, हा विचार तर तिला पुरता करताच येईना. खोलीला दोन खिडक्या होत्या, दोन्ही उघड्या होत्या, आणि तिला श्वास पुरत नव्हता.

"आधी ते बंद कर," दादा म्हणाला. "मला बघवत नाही ते. मी त्या किल्लीवाल्याला घेऊन येतो. दार असं लटकत सोडून निघता येणार नाही." त्याची पावलं जिना उतरून गेली. खुर्चीची गादी बाल्कनीत वाळत टाकलेली होती, म्हणून तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि बसली. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं तर आणखी एक चौकट आली, 'आपण धोका पत्करून बाहेर पडू इच्छिता का?' तीही तिचीच, पण घाईत केलेली, वाईट. 'हो' दाबलं तर तीच चौकट परत, 'नाही' दाबलं तर तीच. एस्केपचं बटण धरून ठेवलं तेव्हा लाल पडदा जरा आकसला आणि पुन्हा पसरला. शेवटी तिनं तीन बटणं एकदम दाबली, चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी आली, त्यातला ब्राउझर निवडून तो मारून टाकला. लाल गेलं. टूं टूं थांबलं. ब्राउझर परत उघडला तेव्हा त्यानं विचारलं, मघाची पानं पुन्हा आणू का? तिनं नको म्हटलं. मागे अण्णांनी श्वास सोडलेला तिला ऐकू आला. आणि तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टिंग वाजून एक इवलीशी चौकट वर आली. 'आपण अजून तिथेच आहात ना?'

"आहे," अण्णा म्हणाले, आणि ओशाळं हसले.

"अण्णा, मध्ये कुठे परवानगी मागितली होती का याने? तुम्ही 'हो'वर क्लिक केलंत?"

"एका जुन्या मोटरचं चित्र शोधत होतो. आता नाही मिळत तसली. तर म्हणाला, परवानगी देता का. नीट विचारतोय, म्हटलं, द्यावी."

सूचना पाठवायची परवानगी दिलेल्या साइट्सची यादी तिनं उघडली. अक्षरांचा अर्थहीन गुंता असलेलं एक नाव होतं, ते काढून टाकलं. ते निघायच्या आत आणखी एक टिंग झालं, 'अजून वेळ गेलेली नाही,' आणि मग कोपरा रिकामा झाला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती माऊस धरून बसून राहिली, कारण वळलं की अण्णांकडे बघावं लागणार होतं.

"लिहिणाऱ्याला काम येतं मात्र," अण्णा मागून म्हणाले. "बघ ना, आधी हाताचं सांगितलंय, मग पायाचं, आणि मग आम्ही आहोत. नवशिके काय करतात, आधीच ओरडतात, आम्ही आलो, आम्ही आलो. की तो आतला धावला दाराकडे. क्रम चुकून चालत नाही." ते कॉटवरून जरा पुढे वाकले. "ठमे, तुझंच ना हे?"

तिनं मान हलवली की नाही, तिला आठवत नाही. हलवली असावी, कारण अण्णा पुढे बोलले.

"वाचलं तेव्हाच मनात आलं. म्हटलं, हे आपल्या घरातलं आहे. पोरीनं सांगितलंय म्हणजे तिला काही माहीत असणार. नंबर दिलेला होता, तो लावला. तिकडून म्हणे, थांबा, आमचा माणूस येतोय. गाणं लावून ठेवलं होतं. बसलो."

"ते लोक चोर आहेत, अण्णा."

"कळलं गं ते. बाराच्या सुमाराला कळलंच. इतका वेळ अडकलेल्या माणसाशी न बोलता कोणी राहत नाही."

"मग उठला का नाहीत?" ती वळली. तिचा आवाज चढला होता, जणू सगळी चूक त्यांचीच. "तेव्हाच का नाही उठलात तुम्ही?"

अण्णांनी कॉटच्या कडेवरून बोट फिरवलं. बिघडलेल्या वस्तूवरून ते असंच बोट फिरवून बघायचे.

"उठलो असतो तर तू खोटं सांगितलंस असं झालं असतं," ते म्हणाले. "म्हटलं, अजून थोडं बघू. मग दादा आला, तेव्हा तर उठण्यासारखी अवस्थाच नव्हती."

तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलं असतं तर फार बरं झालं असतं, पण आलं नाही. "मी सांगते दादाला," ती म्हणाली. "आत्ता आला की सांगते. तुमचं काही चुकलेलं नाही. इथून जायचं काही कारण नाही तुम्हाला."

"सांग की," अण्णा म्हणाले. मग अगदी सहज विचारावं तसं, "तुला ठाऊक होतं का, हे कुठे लागणार ते?"

"नाही." जिन्यावर पावलं वाजत होती. "म्हणजे... थोडं."

अण्णांनी 'हं' केलं. त्या 'हं'मध्ये राग नव्हता. तो असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मग राहू दे," ते म्हणाले.

दादा किल्लीवाल्याला दाराशी कामाला लावून आत आला. बाहेर फिरून आल्यानं तो निवळला होता. पडद्यावरचं लाल गेलेलं बघून त्याला हायसं वाटलेलं दिसलं. तो अण्णांच्या समोर उकिडवा बसला, आज पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांना डोळे देऊन, आणि तिला वाटलं, लहानपणी पतंग फाटल्यावर असाच बसायचा हा त्यांच्यासमोर. "अण्णा," तो म्हणाला, "मलाही हौस नाही तुम्हाला इथून हलवायची. एकच सांगा. का बसून राहिलात? मला पटेल असं एक कारण द्या. हा माणूस कुलूप बसवतोय, दोन्ही किल्ल्या तुमच्या हातात देतो आणि जातो मी. विषय संपला." दाराशी स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता. दादा खरंच वाट बघत होता. तिनं तोंड उघडलं. पहिलं वाक्य होतं, दुसरंही होतं, क्रमसुद्धा ठरला होता, आधी अण्णांचं, मग तक्त्याचं, मग स्वतःचं. ओठ कोरडे पडले होते, ते तिनं ओले केले. स्क्रूचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिची जीभ टाळ्याला लागलेली होती आणि ती तिथून हलत नव्हती, आणि तिला स्वच्छ कळत होतं की कोणीही तिला धरून ठेवलेलं नाही.

"काही सुचलंच नाही रे," अण्णा म्हणाले. "डोकंच चालेना. वय झालं."

दादानं मान खाली घातली. हे ऐकायला लागू नये म्हणूनच तो विचारत होता, हे तिला दिसलं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

"तुझ्याकडे बरे राहतील," ती म्हणाली. आवाज कापला नाही. वाक्य सोपं होतं, आपुलकीचं होतं, कोणालाही पटावं असं.

अण्णा तिच्याकडे बघत होते. जरा वेळानं ते कॉटवरून हाताचा जोर लावून उठले आणि कपाटापाशी गेले. "किती दिवसांचे कपडे घेऊ?" त्यांनी विचारलं, आणि दादाला नाही, तिला विचारलं. तिनं कपाट उघडलं आणि सगळेच बाहेर काढायला लागली.